पाय गेल्यावर पुन्हा कबड्डीचा पंच होताना

माझा डावा पाय गुडघ्याखालून गेला तेव्हा पंच म्हणून माझा अकरावा हंगाम चालू होता. महामार्गावर मोटरसायकलला मागून धडक बसली. दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा गिरण आता कोण चालवणार हा विचार नंतर आला. आधी आठवली ती पुढच्या शनिवारची स्पर्धा, जिथे मी येतो म्हणून शब्द दिला होता.

सव्वा वर्षाने मी गुणलेखक म्हणून टेबलाला बसलो. अडीच वर्षांनी पुन्हा शिट्टी घेऊन रेषेवर उभा राहिलो. मधल्या काळात डॉक्टरांनी पायाबद्दल सगळं सांगितलं, संघटनेतल्या मित्रांनी धीर दिला, पण चढाई सुरू असताना कृत्रिम पायाने आडवं कसं सरकायचं हे सांगणारं कोणी भेटलं नाही. ते मी चुकत चुकत शिकलो. ज्यांचा पाय अलीकडे गेलाय आणि ज्यांना पुन्हा मैदानात यायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पूर्वी खेळाडू होते आणि आता पंच म्हणून सुरुवात करू पाहतात त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. माझा अनुभव गुडघ्याखालच्या पायाचा आणि कबड्डीचा. आमचं गाव देवगड तालुक्यात, त्यामुळे मैदानं, हवा, रस्ते सगळे इकडचेच.

पहिले महिने

जखम भरेपर्यंत मैदानाचा विचार मनात ठेवा, अंगात आणू नका. या काळात तीन गोष्टी नीट केल्या तर पुढचं वर्ष सोपं जातं.

झोपताना गुडघ्याखाली उशी घेऊ नका. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग कृत्रिम पायावर सरळ उभं राहता येत नाही. त्यापेक्षा दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपा. दुसरं, क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकारात बांधायला घरातल्या एकाला तरी नर्सकडून शिकून घ्यायला लावा; आमच्याकडे बायको शिकली. गोल गोल आवळून बांधलं तर खालचा भाग सुजतो आणि स्टम्पला (पायाच्या उरलेल्या टोकाला) आकार येत नाही. तिसरं, टाके निघाले की स्टम्पला हात लावायची सवय करा. आधी मऊ फडका, मग पंचा, मग खरखरीत टॉवेल. जिथे हात लावू देत नव्हतो तिथेच पुढे सगळं वजन पडणार असतं.

नसलेला पाय दुखतो, त्याची बोटं वळतात, तळव्याला खाज येते. हे वेड नव्हे, आणि हे लपवू नका. डॉक्टरांना सांगा, औषधं आहेत. शिवाय दोन पायांच्या मध्ये उभा आरसा ठेवून चांगल्या पायाचं प्रतिबिंब बघत व्यायाम करण्याची पद्धत आहे. तिने सगळ्यांना गुण येतोच असं नाही, मला आला.

मधुमेहामुळे पाय गेला असेल तर उरलेल्या पायाची काळजी स्टम्पपेक्षाही जास्त घ्या. रोज रात्री तळवा तपासा, अनवाणी मळ्यात जाऊ नका, आणि मैदानाची घाई अजिबात करू नका.

या महिन्यांत डोळे मोकळे असतात, त्यांना कामाला लावा. मी फोनवर सामने आवाज बंद करून बघायचो. चढाई संपली की थांबवायचं, निर्णय मोठ्याने सांगायचा, मग पुढे सरकवून पंचाने काय दिलं ते बघायचं. बोनस (मागचा पाय उचलून बोनस रेषा ओलांडली की चढाईपटूला मिळणारा गुण) कितीदा चुकतो, मागच्या पायाचं बोट खरंच सुटलं होतं का, राखीव क्षेत्रात (मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात) चढाईपटू स्पर्शाआधी गेला की नंतर, हे वहीत लिहायचं. नियमांचं पुस्तकही नवीन आणा. २०१४ साली प्रो कबड्डी आल्यापासून खेळाच्या सवयी बदलल्या आहेत. तुम्ही दोन वर्षं बाहेर असाल तर जुन्या आठवणीवर उभे राहू नका.

पाय घेताना काय सांगायचं

कृत्रिम पाय बसवणाऱ्याला आपण फक्त ‘चालता आलं पाहिजे’ एवढंच सांगतो. तुम्ही पंच आहात हे सांगा. आडवं सरकावं लागतं, अचानक थांबावं लागतं, तासभर एका जागी उभं राहावं लागतं, जमीन कधी मातीची तर कधी मॅटची असते, घाम खूप येतो, हे सगळं सांगा. बरोबर पंचाचे बूट घेऊन जा. बुटाची टाच अर्ध्या इंचाने कमी-जास्त झाली तरी पायाचा सगळा तोल बदलतो: टाच उंच झाली की गुडघा पुढे ढकलला जातो, सपाट झाली की मागे ओढला जातो. मी पाय बसवला चपलेवर आणि मैदानात गेलो जाड टाचेच्या बुटात. पंधरा मिनिटांत मांडी थरथरायला लागली. आता एकाच मापाचे, एकाच टाचेचे दोन जोड ठेवतो, आणि गिरणीतही तेच घालतो.

कुठे जायचं? मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. पुण्यात सैन्यदलाचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. जयपूर फूट १९६८ मध्ये जयपूरला तयार झाला, आणि १९७५ साली सुरू झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो मोफत देते, शिबिरंही भरतात. मळ्यातून, पाखाडीवरून (पायऱ्यांच्या वाटेवरून), ओल्या अंगणातून फिरणाऱ्या माणसाला जयपूर फूट चांगला, कारण तो अनवाणी चालण्याचा विचार करूनच बनवलाय. महागडा पाय म्हणजे चांगला पंच असं समीकरण मांडू नका. सॉकेट (स्टम्प ज्यात बसतो तो साचा) नीट बसलंय का, यावर सगळं अवलंबून आहे. पहिल्या वर्षात स्टम्प बारीक होत जातो, म्हणून पहिलं सॉकेट हे शेवटचं नसतं हे धरूनच चाला. सैल झालं की स्टम्पवर घालायच्या मोज्यांचे थर वाढवायचे, आणि थर फारच वाढायला लागले की नवीन सॉकेट मागायचं.

एक हंगाम टेबलावर

इथे बहुतेकांचा पाय अडतो, मनातला. टेबलाला बसणं म्हणजे उतरणं, असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण अजून काठी लागत असेल तर पंचाचं काम होत नाही, हे सरळ आहे: एकाच चढाईत दोन्ही संघांना गुण गेले तर पंचाला दोन्ही हात वर लागतात, एक हात काठीवर ठेवून इशारा देता येत नाही. म्हणून काठी सुटेपर्यंत टेबल. आणि टेबलावर शिकण्यासारखं इतकं आहे की मी नव्या पंचांनाही, त्यांचे दोन्ही पाय धडधाकट असले तरी, आधी एक हंगाम तिथे बसा म्हणतो.

कबड्डीच्या सामन्याला एक सरपंच (मुख्य पंच), दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहाय्यक गुणलेखक असतात. सहाय्यकांची जागा दोन्ही टोकांना, बाद खेळाडू बसतात तिथे. कोण कुठल्या क्रमाने बाद झाला आणि कोण आधी उठणार, याची नोंद त्यांची. अंतिम रेषेबाहेर कोणाचा पाय गेला तर सांगायचं कामही त्यांचं. खुर्चीवर बसून करता येतं, आणि मैदानाची सवय पुन्हा लागते: धुळीचा वास, लाउडस्पीकर, मागे उभ्या माणसांची आरडाओरड. पहिल्या दिवशी मी एका टोकाला सहाय्यक म्हणूनच बसलो होतो. चौथा आणि पाचवा बाद खेळाडू मी उलटसुलट लिहिले आणि उठवताना गोंधळ झाला. हात थरथरत होता. मध्यंतरात सरपंच येऊन शेजारी बसले, काही बोलले नाहीत, माझ्या कागदावर बोट ठेवून क्रम पुन्हा म्हणून घेतला. दुसऱ्या डावात एकही चूक झाली नाही.

मुख्य गुणलेखकाला जास्त सावध राहावं लागतं. बोनस धरायचा तर समोर किमान सहा बचावपटू हवेत. तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली तर एक गुण जास्त. समोरचा सगळा संघ बाद झाला की लोण, त्याचे दोन गुण जास्त. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, ती तिसरी चढाई मोजत राहायची. कुठल्या संघाने किती वेळा वेळ मागून घेतली तेही लिहायचं. बरोबरी होऊन पाच-पाच चढायांवर सामना गेला तर निदान रेषाच (चढाईत ओलांडावी लागणारी रेषा) बोनस रेषा होते आणि बाद-उठणे बंद होतं. तेव्हा पत्रक वेगळ्या पद्धतीने भरायचं. हे सगळं बोटांच्या टोकावर बसलं की रेषेवर उभं राहिल्यावर डोकं मोकळं राहतं, डोळे पायांकडे लागतात.

खळ्यातला सराव

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर, तिथून बोनस रेषा आणखी एक मीटर. चढाई ३० सेकंदांची. ४० मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक चढाईने पूर्ण वेळ घेतली तरी ८० चढाया होतात. प्रत्येक चढाईला पंच मध्यरेषेपासून निदान रेषेपर्यंत जाऊन परत आला तर साडेसात मीटर, म्हणजे सामन्यात ६०० मीटर, आणि तेही बरंचसं आडवं. एका रात्री तीन सामने असतील तर हिशेब तुम्हीच करा. गुडघ्याखालचा पाय कृत्रिम असेल तर तेवढंच अंतर चालायला साधारण पाव हिस्सा जास्त ताकद लागते. गुडघ्यावरून गेला असेल तर दीडपटीच्याही पुढे.

म्हणून घरच्या खळ्यात फक्कीने तीन रेषा मारा: मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा. कोणाला तरी घड्याळ घेऊन बसवा. माझा मुलगा बसायचा. ‘‘बाबा, अजून दहा सेकंद,’’ असं ओरडून सांगायचा आणि मधेच ‘‘परत!’’ म्हणायचा, की मी उलट फिरायचं. सुरुवातीला दहा चढाया, मग वीस. दर आठवड्याला पाच वाढवल्या. चाळीस चढाया न थांबता झाल्या आणि पाय काढल्यावर आलेला लालपणा वीस मिनिटांच्या आत गेला, की एका डावाची तयारी झाली असं मी धरलं. लाली त्याहून जास्त टिकली तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. फोड आला तर तो पूर्ण बरा होईपर्यंत कृत्रिम पाय चढवायचाच नाही. हा नियम मी दोनदा मोडला, आणि दोन्ही वेळा तीन-तीन आठवडे कुबड्यांवर गेले.

आता जे मला कोणी सांगितलं नाही ते. दोन दिशा सारख्या नसतात. माझा डावा पाय कृत्रिम. डावीकडे सरकताना उजवा, म्हणजे चांगला पाय जमीन ढकलतो, त्यामुळे सुरुवात झटकन होते, पण थांबताना भार कृत्रिम पायावर येतो आणि तोल पुढे जातो. उजवीकडे सरकताना ढकलायचं काम कृत्रिम पायावर, आणि त्याला घोटा नाही, ढकलणारी पोटरी नाही, त्यामुळे सुरुवातच उशिरा होते. चढाया आळीपाळीने दोन्ही बाजूंना होतात, म्हणजे प्रत्येक दुसरी चढाई तुमच्या अवघड बाजूला असणार. सरावात अवघड दिशेच्या चढाया दुप्पट घ्या. अवघड दिशेला लांब ढांग टाकू नका, तीन छोटी पावलं टाका.

पडायलाही शिका. गवतावर किंवा गादीवर, कृत्रिम बाजूला वजन न टाकता कुल्ल्यावर बसत लोळायचं, आणि कोणाचा हात न धरता उठायचं. मैदानात कधी ना कधी पडणारच. उठता येतं हे माहीत असलं की भीती निघून जाते, आणि भ्यालेला पंच खेळाडूंच्या पायांकडे बघण्याऐवजी स्वतःच्या पायाकडे बघतो.

रेषेवर

पुनरागमन महिलांच्या सामन्यांतून करा. तो खेळ सोपा असतो म्हणून नव्हे, मैदान १२ बाय ८ मीटरचं, निदान रेषा ३ मीटरवर आणि डाव १५-१५ मिनिटांचे असतात म्हणून. वरच्याच हिशेबाने ६० चढाया गुणिले सहा मीटर, म्हणजे ३६० मीटर. पुरुषांच्या सामन्याच्या निम्म्याहून थोडं जास्त.

पाय धड असताना मी चढाईपटूच्या मागून जायचो. तो सरकला की मी सरकायचो. आता ते जमत नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही ते बरोबर नव्हतं. आता मी त्याच्या आधी जातो. चढाईपटू मध्यरेषा ओलांडताना त्याचे खांदे कुठल्या कोपऱ्याकडे वळलेत, समोरचा कोपरारक्षक एक पाऊल पुढे आलाय का, तिसऱ्या चढाईचा ताण आहे का, हे बघून मी आधीच दोन पावलं टाकून ठेवतो. टेबलावरचा हंगाम इथे कामाला येतो, कारण आता कोण कशासाठी चढाई करतोय हे माहीत असतं. संघ एका गुणाने मागे असेल आणि समोर सहा जण असतील तर तो बोनसला जाणार. मी तो निघायच्या आधीच बोनस रेषेच्या बाजूला.

बोनस बघायला पूर्वी मी वाकायचो. आता वाकलं की सॉकेटची कड गुडघ्याच्या मागे रुतते आणि लक्ष तिकडे जातं. त्याऐवजी बाजूरेषेपासून दोन पावलं मागे उभा राहतो. लांबून पुढचा पाय आणि मागचा उचललेला पाय दोन्ही एका नजरेत येतात. मागे राहण्याचा दुसरा फायदा असा की झटापटीत पाच-सहा जण एकत्र बाहेर कोसळतात तेव्हा सुटायला वाव मिळतो. तेव्हा मागे पळू नका, चांगल्या पायावर वळून बाजूला व्हा.

मध्यरेषेवरची ओढाताण हा सगळ्यात नाजूक प्रसंग. चढाईपटू पकडीत अडकलाय, हात लांब करून रेषा गाठतोय, दम सुटलाय का, बोटं रेषेला लागली का, सगळं एका क्षणात. त्या क्षणी मला मध्यरेषेपाशी असायलाच हवं. म्हणून पकड लागली की मी सगळ्यात आधी मध्यरेषेकडे निघतो, अजून काही व्हायच्या आत. माझ्या जोडीच्या पंचांशी आणि सरपंचांशी सामन्याआधी तसं बोलून ठेवतो: पकड लागली की मी मध्यरेषा, तुम्ही आत. हे बोलायला लाजू नका. दोन पंचांचं आधी ठरलेलं असलं की दोघांचेही निर्णय चांगले होतात.

परतल्यानंतरच्या तिसऱ्या सामन्यात माझ्याकडून एक मोठी चूक झाली. दुसऱ्या डावात सॉकेट सैल झालं होतं, पाय आत फिरत होता, आणि मोजा वाढवायला वेळ मागायची मला लाज वाटली. शेवटच्या मिनिटात मी मध्यरेषेला पोचलो नव्हतो तरी चढाईपटूला परत आल्याचा गुण दिला. समोरच्या पंचाने स्वच्छ बघितलं होतं, सरपंचांनी निर्णय बदलला. हरलेल्या संघाचा कर्णधार नंतर माझ्या तोंडावर म्हणाला, ‘‘काका, जमत नसेल तर कशाला येता?’’ त्याचा राग बरोबर होता. पण तो निर्णय चुकला तो मी मोजा बदलला नाही म्हणून. त्या दिवसापासून मध्यंतराच्या पाच मिनिटांतली पहिली दोन मिनिटं पायाची. टेबलामागे बसतो, पाय काढतो, घाम पुसतो, लायनर (स्टम्पवर चढवायचं मऊ आवरण) कोरडा करतो, मोज्याचा एक थर वाढवतो. लोक बघतात. बघू द्या.

आयोजकांशी बोलताना

बोलावणं आलं की ‘येतो’ म्हणण्याआधी चार गोष्टी विचारा: मैदान मातीचं की मॅटचं, एका रात्री सामने किती, गाडी मैदानापर्यंत येते का, आणि बसायला खुर्ची कुठे मिळेल. आमच्या भागात मैदान कधी मळ्यात असतं, आणि तिथे उतरायला जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी असते. दिवसा ती पाखाडी काहीच नाही. रात्री दोन वाजता, दवाने ओल्या झालेल्या पायऱ्या उतरताना मी बसून बसून उतरलोय. आता आधीच सांगतो की बॅटरी घेऊन एक पोरगा बरोबर द्या.

एका ठिकाणी खुर्चीचं कबूल करून ठेवलीच नव्हती. चार सामने झाले, मधल्या वेळेत मी बैलगाडीच्या जुवावर टेकलो. दुसऱ्या वर्षी त्याच मंडळाच्या अध्यक्षांना फोन करून मी शांतपणे सगळं पुन्हा सांगितलं. ‘‘तुमी येवा ओ, खुर्चीचा आमी बघतव,’’ ते म्हणाले, आणि खरोखरच टेबलाच्या मागे खुर्ची, पाण्याची बाटली आणि पंख्याची सोय केली होती. न सांगता लोकांना कळत नाही. एकदा कळलं की आपल्याकडची माणसं मनापासून करतात.

मानधन कमी घेऊ नका. काम तेच आहे. आणि एका रात्री दोनपेक्षा जास्त सामने पंच म्हणून घेऊ नका. तिसऱ्याला टेबल मागून घ्या.

कागदपत्रं

जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि त्याचं युनिक ओळखपत्र करून घ्या; अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. ४० टक्क्यांपासून पुढे बहुतेक सवलती लागू होतात. आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना तपासणीसाठी ओरोसला जावं लागतं. एसटीतली सवलत सामन्यांना जाण्यायेण्यात फार उपयोगी पडते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खेळातल्या सहभागाबद्दलही बोलतो, त्याची कलम ३० वाचून ठेवा. जिल्हा संघटनेला एक साधं पत्र द्या: किती काळ बाहेर होतो, आता काय करू शकतो, कुठल्या गटापासून सुरुवात करायची आहे. पंच परीक्षा दिलेली नसेल तर तिची तयारी टेबलाच्या हंगामातच करा.

कबड्डी नसेल तर

व्हॉलीबॉलमध्ये पहिला पंच जाळीच्या टोकाला उंच स्टँडवर उभा असतो, त्याची नजर जाळीच्या कडेपेक्षा साधारण अर्धा मीटर वर. चालायचं नाही, पण चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना कृत्रिम पाय आधी, हे लक्षात ठेवा, आणि स्टँड हलत नाही ना ते स्वतः तपासा. बसून खेळायच्या व्हॉलीबॉललाही जाणकार पंच हवे असतात. मैदान १० बाय ६ मीटरचं, जाळी पुरुषांना १.१५ आणि महिलांना १.०५ मीटरवर. कॅरमला आपल्याकडे प्रेक्षक कायम असतात आणि पंच बसून काम करतो. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये उन्हात तास न् तास उभं राहावं लागतं, तिथे आधी धावफलक लिहा. खो-खोचे पंच खेळाडूंबरोबर सतत पळतात; तिथे मी वेळाधिकारी किंवा गुणलेखक म्हणूनच बसायला सांगेन.

सामन्याच्या दिवशीची पिशवी आणि नंतर

स्पर्धा भात कापून झाल्यावर सुरू होतात आणि मे महिन्यापर्यंत चालतात. एप्रिल-मे मध्ये समुद्राकाठच्या गावात रात्रीही घाम थांबत नाही, आणि घामाने लायनर घसरतो. पिशवीत दुसरा लायनर, वेगवेगळ्या जाडीचे चार मोजे, दोन पंचे, चिकटपट्टी, प्लास्टिकची पिशवी आणि घडीची कुबडी असू द्या. पायाचे स्क्रू आवळायची अॅलन की जवळ ठेवा, पण ती फक्त सैल झालेलं घट्ट करायला. पायाचा कोन स्वतः बदलू नका. मातीचं मैदान दवाने निसरडं झालं असेल तर सामना सुरू व्हायच्या आधी आपल्या बाजूच्या रेषेबाहेरच्या पट्ट्यावर कोरडी माती टाकून घ्या, आणि दोन्ही दिशांना चार-चार वेळा चालून बघा. समुद्राच्या वाळूवरून जावं लागलं तर घरी आल्यावर पायाचे धातूचे भाग ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा, नाहीतर खाऱ्या हवेने गंज चढतो.

घरी कितीही उशिरा पोचलात तरी झोपण्याआधी पाय काढून स्टम्प सगळ्या बाजूंनी बघा. मागची बाजू दिसत नाही, तिथे हातातला आरसा धरा. लायनर साध्या साबणाने धुऊन सावलीत उलटा वाळत घाला. मग वहीत दोन ओळी: किती सामने, मोज्याचे किती थर, लाली कुठे, आणि कुठल्या चढाईला उशिरा पोचलो. पुढच्या आठवड्याचा खळ्यातला सराव त्या शेवटच्या नोंदीपासून सुरू करा.